एकच पट्टी, दोन नावं : पियानो शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये थिअरीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. काही प्रश्न पहिल्या एक-दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही हार्मोनियमवरून पियानोकडे वळलेल्यांचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एफ आणि जी यांच्या मधल्या काळ्या पट्टीला कधी एफ शार्प (एफपेक्षा अर्धस्वर चढा) म्हणतात, कधी जी फ्लॅट (जीपेक्षा अर्धस्वर उतरता). वाजवल्यावर आवाज एकच येतो. मग एकच नाव ठरवून का टाकत नाहीत? वाचन किती सोपं होईल!

उत्तर : सोपं होणार नाही, फार अवघड होईल. का ते डी मेजर स्केलवरून पाहा.

मेजर स्केलची बांधणी ठरलेली आहे. पहिल्या स्वरापासून अर्धस्वरांत मोजलं तर २, २, १, २, २, २, १ अशी अंतरं येतात. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर, मग ती काळी असो वा पांढरी, जाणं म्हणजे एक अर्धस्वर. डीपासून या अंतरांनी निघालात की डी, ई, मग एक काळी पट्टी, जी, ए, बी, मग आणखी एक काळी पट्टी आणि पुन्हा डी मिळतो. आता नावं द्यायची. नियम असा, की सात स्वरांना सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. म्हणून डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प.

याच काळ्या पट्ट्यांना जी फ्लॅट आणि डी फ्लॅट म्हणून बघा. डी, ई, जी फ्लॅट, जी, ए, बी, डी फ्लॅट. एफ आणि सी गायब झाले, जी आणि डी दोनदा आले. स्टाफवर, म्हणजे स्वर लिहायच्या पाच रेघांवर, एका सप्तकातल्या जीची एकच जागा असते. त्या एका जागेवर कधी जी फ्लॅट, कधी साधा जी लिहायचा म्हणजे प्रत्येक वेळी फ्लॅटचं किंवा नॅचरलचं (शार्प-फ्लॅट रद्द करणारं) चिन्ह द्यावं लागेल. पान चिन्हांनी भरून जाईल आणि स्केल एकेक पायरी चढताना दिसायचं ते दिसणार नाही. नीट नावं दिली, की दोन शार्प ओळीच्या सुरुवातीला एकदा मांडायचे आणि पुढे विसरून जायचं.

हाच नियम एफ शार्प मेजरमध्ये नेला, की ई शार्प येतो. पट्टी एफचीच, पण त्या स्केलमध्ये एफचं अक्षर पहिल्या स्वराने घेतलेलं असतं. बरेच विद्यार्थी तिथे पेन्सिलीने ‘एफ’ लिहून ठेवतात. तसं करू नका. दोन ओळींत त्या एफचा आणि एफ शार्पचा घोळ होतो.

नावामागचं याहून मोठं कारण स्वराच्या चालीत आहे. बी आणि त्याच्या वरचा एफ एकत्र वाजवा. मध्ये ६ अर्धस्वर आहेत, आवाज अस्वस्थ करणारा आहे, कान पुढचं काहीतरी मागतो. आता बी वर चढवून सीवर न्या आणि एफ खाली उतरवून ईवर आणा. जोडी आतल्या बाजूला मिटली आणि सी मेजरमध्ये विसावली. पुन्हा त्याच दोन पट्ट्या दाबा, पण या वेळी बी खाली ए शार्पवर न्या आणि वरचा स्वर एफ शार्पवर चढवा. जोडी बाहेर उघडली आणि एफ शार्प मेजरमध्ये स्थिरावली. पहिल्या वेळी संगीतकार बी–एफ लिहितो, दुसऱ्या वेळी बी–ई शार्प. पट्ट्या त्याच, आवाज तोच, पण कागदावरचं नाव पुढची वाट सांगतं. शार्प केलेला स्वर बहुधा वर सरकायला निघालेला असतो, फ्लॅट केलेला खाली. याला अपवाद आहेत, पण वाचताना हा अंदाज धरून चाललात तर हात पुढच्या पट्टीकडे आधीच वळलेला असतो. भराभर वाचणाऱ्यांचं निम्मं काम हेच करतं.

प्रश्न : मी बरीच वर्षं हार्मोनियम वाजवतो. माझी पट्टी काळी चार. पियानोच्या नोटेशनमध्ये ती कोणत्या नावाने शोधायची? मित्र जी शार्प म्हणतो, पण त्या नावाचं मेजर स्केल पुस्तकात सापडत नाही.

उत्तर : पुस्तकात ए फ्लॅट मेजर शोधा. काळी चार म्हणजे जी आणि ए यांच्या मधली पट्टी, त्यामुळे मित्राचं म्हणणं चूक नाही. मात्र जी शार्पला षड्ज मानून मेजर स्केल लिहू गेलात तर जी शार्प, ए शार्प, बी शार्प, सी शार्प, डी शार्प, ई शार्प आणि शेवटी एफ डबल शार्प असे आठ शार्प होतात. ए फ्लॅट धरला की चार फ्लॅटमध्ये भागतं. म्हणून मेजरसाठी ए फ्लॅट हेच नाव वापरात आहे.

बिलावलचे शुद्ध स्वर तुम्हाला असे मिळतील : सा म्हणजे ए फ्लॅट, रे बी फ्लॅट, ग सी, म डी फ्लॅट, प ई फ्लॅट, ध एफ, नी जी. उजव्या हाताची बोटं सापासून वरच्या सापर्यंत ३, ४, १, २, ३, १, २, ३. डाव्या हाताची ३, २, १, ४, ३, २, १, ३. पियानोत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी ५, हे दोन्ही हातांना लागू. बोटांच्या या क्रमात अंगठा कायम पांढऱ्या पट्टीवर पडतो, हे लक्षात घ्या. स्केल वाजवताना आखूड अंगठा काळ्या पट्टीवर नेला की सगळा हात आत ढकलावा लागतो आणि मनगट वाकडं होतं.

इतर पट्ट्यांसाठी : पांढरी एक सी, काळी एक डी फ्लॅट, पांढरी दोन डी, काळी दोन ई फ्लॅट, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प किंवा जी फ्लॅट, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए, काळी पाच बी फ्लॅट, पांढरी सात बी. काळी तीनला दोन्ही नावं दिली, कारण एफ शार्प मेजरला सहा शार्प लागतात आणि जी फ्लॅट मेजरला सहा फ्लॅट. तिथे दोन्ही बाजू सारख्याच.

तंबोऱ्यावर कान तयार झाला असेल, तर पियानोचा गांधार जरा चढा वाटेल. तो खरंच चढा असतो. पियानोत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा धरला तर शुद्ध गांधार पियानोवर ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गांधार सुमारे ३८६ वर असतो. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, तो सहसा जाणवत नाही.

आणि एक सवय मोडावी लागेल. हार्मोनियममध्ये भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आदळून लगेच परत येते आणि स्वर त्या क्षणापासून विरायला लागतो. पट्टी नंतर कितीही जोराने दाबून धरली तरी आवाज वाढत नाही. लहान-मोठा आवाज ठरतो तो पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर.

प्रश्न : ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर मिडल सी नेमका कोणता?

उत्तर : सीपासून सीपर्यंतच्या नेहमीच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत गेलात तर २५वी पट्टी. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर ४०वी. ए ४४० हर्ट्झला लावलेला असेल तर मिडल सीची कंपनसंख्या सुमारे २६१.६ येते. कीबोर्डवर ट्रान्सपोझ किंवा ऑक्टेव्हचं बटण चुकून दाबलेलं असेल तर पट्टी बरोबर असूनही स्वर भलताच येईल, तेवढं तपासा.

प्रश्न : की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला मांडलेले शार्प-फ्लॅट) बघून स्केल कसं ओळखायचं? आणि मेजर आहे की मायनर, हे कसं कळतं?

उत्तर : शार्प कायम याच क्रमाने मांडतात : एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅटचा क्रम नेमका उलटा : बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. शार्प असतील तर शेवटचा शार्प बघा आणि एक अर्धस्वर वर जा. चार शार्पमध्ये शेवटचा डी शार्प, म्हणून ई मेजर. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच मेजरचं नाव. तीन फ्लॅटमध्ये बी, ई, ए. शेवटून दुसरा ई, म्हणून ई फ्लॅट मेजर. एकच फ्लॅट असेल तर शेवटून दुसरा नसतोच. ते एफ मेजर, एवढं पाठ करा.

त्याच सिग्नेचरचा मायनर मेजरच्या तीन अर्धस्वर खाली असतो. एक शार्प म्हणजे जी मेजर किंवा ई मायनर. दोघांतला कोणता ते ओळखायला दोन जागा तपासा. पहिली, शेवटच्या बारमधला (दोन उभ्या रेषांमधल्या भागातला) डाव्या हाताचा सर्वांत खालचा स्वर. तो बहुतेक वेळा घरचा, म्हणजे स्केलचा पहिला, स्वर असतो. दुसरी, मधे कुठे डीला शार्पचं चिन्ह वारंवार दिलं आहे का. डी शार्प हा ई मायनरचा चढवलेला सातवा स्वर. तो दिसला की उत्तर जवळजवळ नक्की. नुसता पहिला स्वर बघून ठरवू नका. रचना पाचव्या स्वरावरून, कधी तिसऱ्यावरूनही सुरू होते.

प्रश्न : मायनर स्केलचे तीन प्रकार का? परीक्षेत तिन्ही विचारतात.

उत्तर : तिन्ही एकाच मायनरची रूपं आहेत. ए मायनर घ्या. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की नॅचरल मायनर. त्यात सातवा स्वर जी, आणि तो एपासून दोन अर्धस्वर दूर असल्यामुळे ए स्वराकडे ओढला जात नाही. कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची, चाल घट्ट व्हावी म्हणून जीचा जी शार्प केला, की ई मायनरच्या जागी ई मेजर कॉर्ड मिळते आणि ती जोरात ए स्वराकडे नेते. हा हार्मोनिक मायनर. पण मग एफ आणि जी शार्प यांच्यात तीन अर्धस्वरांची फट पडते. गायला ती अवघड. म्हणून चढताना एफसुद्धा एफ शार्प केला आणि उतरताना दोन्ही परत नॅचरल केले, की मेलोडिक मायनर. कॉर्डच्या सोयीसाठी एक, चालीच्या सोयीसाठी दुसरा. परीक्षेत नेहमी होणारी चूक म्हणजे मेलोडिक उतरताना जी शार्प राहून जाणं. आधी फक्त अवरोह वेगळा बसवा, मग जोडा.

प्रश्न : बारमध्ये उजव्या हाताच्या एफला शार्प दिला आहे. त्याच बारमध्ये डाव्या हाताला एफ आला तर तोही शार्प वाजवायचा का?

उत्तर : नाही. मधे आलेलं चिन्ह त्याच स्टाफवर, त्याच सप्तकातल्या त्याच स्वराला आणि तो बार संपेपर्यंतच लागू असतं. उजव्या हाताचाच, पण एक सप्तक वरचा एफसुद्धा नियमाने नॅचरलच. एक अपवाद : तो शार्प स्वर टायने (त्याच उंचीच्या पुढच्या स्वराला जोडणाऱ्या कमानीने) बाररेषेपलीकडे धरलेला असेल, तर टाय संपेपर्यंत शार्प राहतो, त्यानंतर नवा एफ आला तर तो नॅचरल. गोंधळ होऊ नये म्हणून प्रकाशक पुढच्या बारमध्ये मुद्दाम नॅचरलचं चिन्ह छापतात, कधी कंसात. ती फक्त आठवण. की सिग्नेचरमधला शार्प मात्र सगळ्या सप्तकांना आणि शेवटपर्यंत लागू. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर वाचन कायम अडखळतं.

प्रश्न : ३/४ आणि ६/८ या दोन्हींमध्ये बारमध्ये सहा क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) मावतात. गणित सारखंच, मग फरक काय? शिक्षक म्हणतात ‘ठेका वेगळा’, पण मला वाजवताना सारखंच वाटतं.

उत्तर : शिक्षक बरोबर सांगताहेत, आणि तुम्हाला सारखं वाटतंय याचा अर्थ तुम्ही सहाही क्वेव्हर एकाच वजनाने वाजवताय. फरक वजनात आहे.

३/४ मध्ये बारचे तीन ठोके, प्रत्येक ठोक्यात दोन क्वेव्हर. ६/८ मध्ये बारचे दोनच ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन क्वेव्हर. म्हणजे ३/४ मध्ये वजन पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या क्वेव्हरवर. ६/८ मध्ये पहिल्या आणि चौथ्यावर. दादरा ऐकलेल्या माणसाला ६/८ समजायला वेळ लागू नये, तीन-तीनचे दोन भाग तिथेही आहेत.

मांडीवर करून बघा. डाव्या हाताने सहा सारखे ठोके देत राहा, थांबू नका. उजवा हात चार वेळा १ आणि ४ वर द्या, मग डावा हात न बदलता चार वेळा १, ३, ५ वर द्या. डाव्या हाताचा वेग यत्किंचितही बदलता कामा नये. एकातून दुसऱ्यात अडखळल्याशिवाय जाता आलं, की दोन्ही टाइम सिग्नेचर अंगात उतरल्या असं समजा. त्यानंतरच पियानोवर या.

कागदावर ओळखायला क्वेव्हरना जोडणारी आडवी पट्टी, म्हणजे बीम, बघा. ६/८ मध्ये तीन-तीन क्वेव्हर एकत्र बांधलेले असतात. ३/४ मध्ये दोन-दोन, किंवा कधी सहाही एकाच बीममध्ये. त्यामुळे सहा एकत्र दिसले म्हणून लगेच ६/८ ठरवू नका, वरचे आकडे वाचा. आणखी एक खूण : अर्ध्या बारएवढा लांब स्वर ६/८ मध्ये डॉटेड क्रॉचेट (तीन क्वेव्हरएवढा स्वर) म्हणून लिहितात, कारण तो तिथला एक पूर्ण ठोका असतो.

मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक देणाऱ्या यंत्रावर) इथे हमखास घोटाळा होतो. ६/८ च्या रचनेवर ‘डॉटेड क्रॉचेट = ६०’ असं लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी डॉट न बघता क्रॉचेट ६० लावतो. डॉटेड क्रॉचेट ६० म्हणजे क्वेव्हर १८०. साधा क्रॉचेट ६० म्हणजे क्वेव्हर १२०. तुम्ही दोन तृतीयांश वेगाने वाजवत राहता, आणि त्याहून वाईट म्हणजे टिकटिक दर दोन क्वेव्हरला पडून ६/८ चं ३/४ करून टाकते. सुरुवातीला मेट्रोनोम क्वेव्हरवर लावा, पण तीनपैकी पहिल्याला स्वतः वजन द्या. हात बसला की डॉटेड क्रॉचेटवर न्या.

प्रश्न : टिंब आणि कमानी यांचा गोंधळ होतो. स्वराच्या शेजारचं टिंब, वरचं टिंब, दोन स्वरांना जोडणारी कमान... सगळं एकसारखं दिसतं.

उत्तर : टिंबाची जागा बघा. स्वराच्या उजवीकडे टिंब असेल तर लांबी दीडपट : क्रॉचेटची एक मात्रा दीड होते, मिनिमच्या दोनच्या तीन होतात. दोन टिंबं असतील तर पावणेदोनपट. स्वराच्या डोक्याच्या वर किंवा खाली टिंब असेल तर ते स्टकाटो : स्वर तोडून वाजवायचा. लिहिलेली मात्रा तेवढीच राहते, उरलेला वेळ शांतता. स्टकाटो वाजवताना पुढचा स्वर लवकर येऊ लागला, तर तुम्ही शांतता मोजत नाही आहात.

डॉटेड क्रॉचेट आणि त्यामागून क्वेव्हर ही जोडी वाजवताना ‘एक आणि दोन आणि’ असं तोंडाने म्हणा. क्रॉचेट ‘एक’वर, क्वेव्हर दुसऱ्या ‘आणि’वर. ‘दोन’ला हात पट्टीवर तसाच दाबलेला हवा. तिथे तो उचलला जातो किंवा क्वेव्हर तिथेच पडतो, ही नेहमीची चूक.

कमानीसाठी एकच कसोटी : दोन लगतचे स्वर एकाच उंचीचे असतील तर टाय, दुसरा पुन्हा दाबायचा नाही. वेगवेगळ्या उंचीचे असतील तर स्लर, स्वर जोडून वाजवायचे. दोनच स्वरांवर स्लर असेल तर पहिल्यावर वजन द्या, दुसरा हलका वाजवून हात उचला.

प्रश्न : कॉर्डचं इन्व्हर्जन म्हणजे काय ते कळतं, पण वापरायचं कधी? सी, एफ, जी वाजवताना माझा डावा हात सारखा उड्या मारतो आणि पट्टी चुकते.

उत्तर : तुमच्या उड्यांवरचा उपाय इन्व्हर्जन हाच आहे.

आधी बांधणी. मेजर कॉर्डमध्ये खालून ४ अर्धस्वर, मग ३. मायनरमध्ये ३, मग ४. डिमिनिश्डमध्ये ३ आणि ३. ऑगमेंटेडमध्ये ४ आणि ४. सी मेजर म्हणजे सी, ई, जी. सी खाली असला तर रूट पोझिशन, ई खाली असला तर पहिलं इन्व्हर्जन, जी खाली असला तर दुसरं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : इन्व्हर्जन ठरतं ते दोन्ही हात मिळून सर्वांत खाली वाजणाऱ्या स्वरावरून. उजवा हात ई, जी, सी वाजवतोय आणि डाव्याने खाली सी धरलाय, तर कॉर्ड रूट पोझिशनमध्येच आहे. उजव्या हाताचा आकार बघून उत्तर लिहिल्यामुळे थिअरीच्या पेपरात इथे गुण जातात. ‘सी’ आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून ‘ई’ असं लिहिलं असेल तर अर्थ सी मेजर कॉर्ड, खाली ई.

आता डाव्या हाताने हे वाजवा. सी, ई, जी, बोटं ५, ३, १. मग करंगळी सीवरच ठेवून वर एफ आणि ए, बोटं ५, २, १. ही एफ मेजर कॉर्ड, दुसऱ्या इन्व्हर्जनमध्ये. परत सी, ई, जी. मग करंगळी अर्धस्वर खाली बीवर, वर एफ आणि जी, बोटं ५, २, १. ही जी सेव्हन्थ; तिच्या जी, बी, डी, एफमधला डी सोडला आहे, तरी कान तिला ओळखतो. शेवटी पुन्हा सी, ई, जी. या सगळ्यात हात जागेवरच राहिला. बोटं एका-दोन अर्धस्वरांनी सरकली किंवा होती तिथेच थांबली. नियम म्हणून सांगायचं तर, दोन कॉर्डमध्ये सारखा असलेला स्वर धरून ठेवा आणि बाकीचे जवळच्या जागी न्या. सी आणि एफ कॉर्डमध्ये सारखा सी. सी आणि जी सेव्हन्थमध्ये सारखा जी.

जी सेव्हन्थकडून सी मेजरकडे येताना बी सीवर चढतो आणि एफ ईवर उतरतो. पहिल्या प्रश्नात आतल्या बाजूला मिटलेली जोडी ती हीच. म्हणून ही चाल इतकी पक्की वाटते. मग तोच सराव जी मेजरमध्ये करा : जी, बी, डी; जी, सी, ई; एफ शार्प, सी, डी; आणि परत. बोटं तीच. यातला काळ्या पट्टीचा स्वर एफ शार्प म्हणूनच वाचा, जी फ्लॅट म्हणून नव्हे. तो वर जीकडे निघालेला आहे.

प्रश्न : पेडल घेतलं की सगळं गढूळ होतं. न घेता वाजवलं तर तुटक वाटतं.

उत्तर : बहुतेक वेळा कारण एकच असतं : तुम्ही कॉर्ड दाबता त्याच क्षणी पेडलही दाबता. उजवं पेडल तारांवरचे सगळे डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारे तुकडे) एकदम उचलतं. कॉर्डबरोबरच पाय खाली गेला तर आधीच्या कॉर्डचा उरलेला आवाजही त्यात अडकतो. पाय हाताच्या मागून यायला हवा. चार मात्रांवर संथपणे बसवा : ‘एक’ला नवी कॉर्ड दाबा आणि त्याच वेळी पाय वर उचला, ‘दोन’ला पाय खाली, ‘तीन’, ‘चार’ तसंच धरा, पुढच्या ‘एक’ला पुन्हा नवी कॉर्ड आणि पाय वर. ‘दोन’ होईपर्यंत बोटं पट्टीवरून उचलायची नाहीत. आवाज सलग राहिला आणि आधीची कॉर्ड मागे ऐकू आली नाही, म्हणजे जमलं. मग ‘दोन’ हळूहळू ‘एक’च्या जवळ आणा.

टाच जमिनीवरून उठू देऊ नका आणि पेडलपासून चवडा सोडू नका, नाहीतर खट्ट आवाज येतो. खालच्या सप्तकांत जाड तारांचा आवाज जास्त वेळ टिकतो, तिथे पेडल वारंवार बदला. अगदी वरच्या सुमारे दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच. स्केलसारखी लगतच्या स्वरांची चाल लांब पेडलवर वाजवली तर गढूळ होणारच, तिथे बोटांनी जोडायला शिका.

प्रश्न : आंदांते, अॅलेग्रो यांचे मेट्रोनोमचे आकडे पुस्तकागणिक वेगळे दिसतात. खरे कोणते?

उत्तर : ठरलेले आकडे नाहीतच. मेट्रोनोमचं पेटंट मेल्झेलने १८१५ मध्ये घेतलं. हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते. हळूपासून जलदपर्यंतचा क्रम पक्का करा : लार्गो, अदाजिओ, आंदांते, मोदेरातो, अॅलेग्रो, प्रेस्तो. वेग ठरवताना रचनेतला सर्वांत दाट बार शोधा. तो ज्या वेगात स्वच्छ वाजतो, त्याच वेगाने पहिला बार सुरू करा. ‘रिट.’ लिहिलं असेल तिथून वेग हळूहळू कमी करायचा असतो, तिथल्या तिथे नाही. ‘आ टेम्पो’ आलं की लगेच मूळ वेग.

प्रश्न : शेवटी ‘डी.सी. अल फिने’ लिहिलं आहे. मधे रिपीटची चिन्हं आणि १, २ असे कंस आहेत. दुसऱ्या फेरीत सगळं परत दोनदा वाजवायचं का?

उत्तर : सहसा नाही. पहिल्या फेरीत रिपीट पाळा : पहिल्यांदा १ लिहिलेल्या कंसातला भाग, मागे जाऊन दुसऱ्यांदा तो वगळून थेट २ च्या कंसात. ‘डी.सी.’ला पोचलात की अगदी सुरुवातीला जा, या वेळी रिपीट न पाळता सरळ २ च्या कंसातून पुढे जा आणि ‘फिने’ लिहिलं आहे तिथे थांबा. रिपीट पाळायचे असतील तर संगीतकार तसं वेगळं लिहितो. ‘डी.एस.’ असेल तर सुरुवातीऐवजी सेन्योच्या चिन्हाकडे परता, आणि ‘अल कोडा’ असेल तर कोडाचं चिन्ह येताच शेवटच्या भागावर उडी घ्या. वाजवायच्या आधी हा सगळा रस्ता एकदा बोटाने पानावर फिरवून बघा आणि ‘फिने’वर पेन्सिलीने गोल करा, घाईत तोच शब्द नजरेतून सुटतो.